थोरलीशी घासाघीस

दाजी, हौदाला पाणी आलं. तळ्याकडून थोडं सोडलंय आणि गाळ अजून आतच आहे, म्हणून धार करंगळीएवढी, पण आली. पहिल्या दिवशी कोणी घागर लावेना. दुसऱ्या दिवशी एकीनं हळदकुंकू वाहिलं, एकीनं खणानारळानं ओटी ठेवली, आणि मग सगळ्यांनी आपापल्या घागरी पुढं सरकवल्या. आता नारायण पेठेतल्या बायका पूर्वीसारख्या पाळीवरून भांडतात. तुमच्या अंगावरून आलेलं पाणी लोक पितात, त्यात वरण शिजवतात, त्यानं देव धुतात. पाण्याला जरा वास आहे. पण वास आहे असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "अजून तिचा राग गेला नाही."

फक्त गोदा ते पाणी पीत नाही. रोज उतार उतरून मुठेवर जाते आणि दमून भागून परत येते. परवा मी म्हटलं, "अगं, पाय मोडतील. हौद दाराशी आहे."

"दादा, सवतीच्या हातचं पाणी मी पिणार नाही."

तुम्ही होतात तेव्हा हेच वाक्य ती चेष्टेनं म्हणायची आणि तुम्ही हसता हसता खोकायला लागायचात. परवा ती चेष्टा करत नव्हती. तिनं डोळे वर केले तेव्हा मला ते दिसलं. माझी बहीण दगडाच्या एका पोकळीचा खराखुरा द्वेष करते आहे, आणि दगडाला त्याचं काही नाही.

ही सवत तुम्ही आणलीत, दाजी. कात्रजच्या तळ्यापासून श्रीमंतांच्या वाड्यापर्यंत जमिनीखालून येणारा नळ, त्याची डागडुजी तुमच्याकडं. आत माणूस वाकून चालेल एवढी जागा, आणि अंतराअंतरावर विहिरीसारखी वर उघडणारी तोंडं. त्या तोंडांना सगळं पुणं उसासे म्हणतं. हे नाव ज्यानं ठेवलं तो भेटला असता तर मी त्याच्याशी दोन हात केले असते. भोकाला उसासा म्हटलं की त्याच्यामागं छाती लागते. छाती आली की मन आलं, आणि मन आलं की रुसवाफुगवा आलाच. तुम्ही तर त्याच्याही पुढं गेलात. नळाला 'थोरली' म्हणू लागलात. लग्नाच्या आधीपासून तुमचा तिच्याशी संसार होता म्हणे. गोदा माप ओलांडून घरात आली, हळद अजून ओली होती, आणि तुम्ही म्हणालात, "थोरलीला सांगून येतो." नारळ घेऊन खरोखरच पर्वतीपलीकडच्या उसाशापाशी गेलात. माझी बहीण पाटावर बसून राहिली. मी तेव्हाच भांडणार होतो, पण लग्नघर होतं.

एकदा तुम्ही मला आत नेलं होतं. आठवतं? मी नको नको म्हणत होतो. खाली उतरल्यावर पाण्याचा थंडावा पोटऱ्यांना लागला आणि वरचं आभाळ एवढंसं झालं, ताटाएवढं. तुम्ही पुढं, मी मागं. भिंतीला हात लावून तुम्ही बोलत होतात, "पाहुणा आणलाय बघ. तुझ्या अंगाला ह्याचाच चुना आहे. ओळखलंस का?" कुठून तरी वाऱ्याचा हुंकार आला, लांबून, हूं असा. तुम्ही मागं वळून पाहिलंत. दिव्याच्या उजेडात तुमचा चेहरा असा खुलला होता की मी तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. ते वाक्य होतं, "दाजी, वारा आहे तो." आज वाटतं, तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण दर वेळी मला वाटायचं, हा माणूस इतका सुखात आहे, जाऊ दे.

उपकाराचंही सांगतो, नाहीतर म्हणाल खंडू रागापलीकडं काही बोलतच नाही. मी गाढवावर चुनखडी लादून ह्या शहरात आलो तेव्हा लोणाऱ्याला, चुना भाजणाऱ्याला, दारात उभं करणारे थोडे होते. तुम्ही माझा चुना चिमटीत धरलात, जिभेला लावलात आणि कारकुनाला म्हणालात, "हा चालेल." त्या दोन शब्दांवर माझी चुना मळायची पहिली घाणी सरकारी कामाला लागली. पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर केलं, भट्ट्या माझ्या, बैल माझे, ते श्रेय मी कोणाला देणार नाही. पण पहिले दोन शब्द तुमचे. चारचौघांत मी हे कधी बोललो नाही. आताही फार मोठ्यानं बोलत नाही.

आणि ज्या तोंडानं 'चालेल' म्हणालात, त्याच तोंडानं मला बुडवलंत.

धनकवडीच्या अलीकडची ती दुरुस्ती. गिलावा ढलप्यांनी सुटला. सरकारातून पाण्याचं काम पाहणारे पंत आले, गवंडी गोळा झाले, मी हात जोडून उभा. तुम्ही भिंतीला कान लावलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "थोरली ह्या चुन्यावर रुसलीय." पंतांनी मान हलवली. पुढच्या कामाचा चुना दुसऱ्याच्या भट्टीवरून आला.

दाजी, कच्चा भाजलाय म्हणाला असतात तर मी चुन्याची कळी फोडून दाखवली असती. वाळू जास्त आहे, गूळ कमी आहे, बेलफळ घातलं नाही, काहीही म्हणा, मी उत्तर दिलं असतं. पण 'रुसलीय' ह्याला मी काय उत्तर देणार? तिला पैठणी नेसवू? मी संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन तुम्हाला हेच विचारलं. तुम्ही सुपारी कातरत होतात.

"गिलावा ओल्या भिंतीवर थापला होता," मी म्हटलं. "पाणी पुरतं तोडलं नव्हतं. घाई पंतांची होती. तुम्हाला हे ठाऊक होतं की नाही?"

"होतं."

"मग तसं सांगायचं!"

"पंतांना पंतांची चूक सांगायची? चारचौघांत?" अडकित्ता थांबला. "शेट, मी सांगितलं असतं तर तुमचंही काम गेलं असतं आणि माझंही."

"माझं गेलंच!"

"तुमच्या भट्ट्या आहेत. उद्या दुसरीकडं चुना घालाल. मला ही एकच आहे."

मला तेव्हा कळलं की तुम्ही वाटत होतात तितके भोळे नव्हतात. जे स्वतःच्या तोंडानं बोलायची सोय नव्हती, ते तुम्ही तिच्या तोंडी घालत होतात. पंतांची चूक तिचा रुसवा, गवंड्यांची कुचराई तिचा हट्ट. बिचारी दगडाची, कोणाला नाही म्हणणार? मी हे तुम्हाला तोंडावर सुनावलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आणि परवा तुमची भट्टी पेटेना तेव्हा तिला शिव्या कोण घालत होतं? 'रांड हट्टाला पेटलीय' म्हणून? भट्टीला कान आहेत वाटतं?"

गोदा आतून हसली. मी पान न खाता उठलो. त्यानंतर तुमच्या ओट्यावर मी बसलो तो तुम्ही गेल्यावरच. भांडण अर्धं राहिलं. तुमच्या भट्टीच्या टोमण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते शोधायच्या आत तुम्ही निघून गेलात. हा सौदा बरोबर झाला नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला खालच्या बाजूनं ठाऊक आहे. वरची बाजू मी तुमच्या भावाकडून, धोंडीकडून, काढून घेतली. त्याला बोलतं करायला मला फार वेळ लागला.

भाद्रपद सरला होता. पालापाचोळा आणि गाळ आत कुठं तरी अडून हौद आटत चालले होते. वाड्यात कार्य होतं, पंतांची पुन्हा घाई. तळ्याकडून पाणी तोडलं, त्यामुळं आत नुसता गाळ कुजत पडलेला. एरवी तुम्ही मागचा-पुढचा उसासा उघडून ठेवायचात, दिवा सोडायचात, दिवा तळाशी टिकला की मग उतरायचात. हे तुम्ही तिची परवानगी घेणं म्हणायचात. काही का म्हणा, रीत चांगली होती. त्या दिवशी एकाच उसाशाचं झाकण निघालं. धोंडीनं विचारलं, "आबा, दिवा सोडू का?" सख्ख्या धाकट्या भावानं विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, "आपल्याच घरात शिरताना कोणी आधी दिवा सोडतं का रे? ओळखते ती मला."

दाजी, तुम्ही शेजाऱ्याला विळा उसना देताना चार साक्षीदार करायचात. आणि इथं कोणाच्या ओळखीवर उतरलात?

धोंडीच्या हातात दोर होता. खालून तुमचं बोलणं येत होतं. "असं करू नये," तुम्ही म्हणत होतात. "ऐक. झालंच आता. एवढा गाळ काढू दे, मग मोकळी होशील." धोंडी वर बसून हसत होता. तुम्ही बोलताय म्हणजे ठीक आहात, असं त्याला वाटलं. आवाज जड झाला तेव्हा त्याला वाटलं, आबा तिला समजावतायत. शब्द अडखळायला लागले तेव्हा वाटलं, लाडानं बोलतायत. मग थांबलात. तेव्हाही त्याला वाटलं, आता तिचं ऐकून घेत असतील.

दोर त्याच्या हातात होता, दाजी. तुम्ही बोलत नसतात तर त्यानं ओढला असता.

मला बोलावणं आलं तेव्हा मी पुढचं झाकण पहारीनं उचकटलं, सुपांनी वारा घातला, आणि तुम्हाला वर घेतलं. तुमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओठ थोडे उघडे, कोणाची तरी समजूत काढताना असतात तसे. ते पाहून बायका म्हणाल्या, तिनं प्रेमानं नेलं. पुरुष म्हणाले, बळी घेतला. पाण्यातल्या साती आसरा आठवल्या, कोणाच्या आजीनं कधी काळी पाहिलेल्या. जो तो काही ना काही नाव घेत होता. मी म्हटलं, "कोंदलेली हवा. भट्टीच्या उबेला झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, तीच ही. दिसत नाही, खाली साचते." सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तुमची निंदा केली.

तेव्हापासून शहराची नजर बदलली आहे. ज्यांनी जन्मात उसाशाकडं पाहिलं नाही ते आता लांबून वळसा घालून जातात. आया पोरांना त्या अंगाला जाऊ देत नाहीत. मंडईत भाजी घेता घेता कुजबुज ऐकू येते, "तिला चव लागली." पूर्वी ती रुसायची, हट्ट करायची, तुमचं ऐकायची. आता ती भुकेली झाली आहे. तुम्ही तिला माणूस करून ठेवलंत आणि निघून गेलात. आता लोकांच्या हातात ती कशी वाढते आहे ते पाहायला तुम्ही नाही.

मी ह्याचा विचार करतो. भट्टीपाशी बसून दुसरं काय करणार? मी जन्मभर घासाघीस केली, आणि घासाघिशीला पहिली गोष्ट लागते ती म्हणजे समोर तोंड. तोंड असलं की त्यावर लोभ दिसतो, भीती दिसते, कुठं दाबायचं ते कळतं. तापाला तोंड नाही. दुष्काळाला नाही. कोंदलेल्या हवेला तर अंगसुद्धा नाही. तिच्याशी बोलायचं कसं? मग माणूस आधी तिला तोंड लावतो आणि मग समोर मांडी घालून बसतो. एवढं घे आणि माझं माणूस सोड. फसवणूक आहे, पण मला ती परकी वाटत नाही. माझ्याच धंद्यातली आहे.

दहाव्याला मुठेच्या घाटावर कावळा शिवेना.

पिंड मांडले, सगळे मागं सरलो. कावळे झाडावर बसून होते. गोदा म्हणाली, "मी दादाकडं सुखात राहीन, काळजी करू नका." नाही. कोणी तरी मला ढोसलं, "शेट, तुमचं काही तरी राहिलं असेल. राग सोडला म्हणा." मी मोठ्यानं म्हटलं, "सोडला." एका कावळ्यानं मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. क्षणभर मला वाटलं, खोटं बोललो ते ह्याला कळलं. पाहा, मीही तसाच.

मग धोंडी पुढं झाला. ओल्या धोतरानं, हात जोडून. "आबा, थोरलीचं राहिलेलं काम मी पुरं करीन. मी उतरीन."

कावळा आला. घाटावर हुंदका फुटला. मला मात्र दिसत होतं की पलीकडच्या पायऱ्यांवर दुसऱ्या कोणाचे पिंड संपले होते आणि कावळे तिथून उठून इकडं येत होते. पण हे सांगायची ती जागा नव्हती, आणि ऐकणारा कोणी नव्हता. धोंडीनं तुम्हाला शब्द दिला आणि तुम्ही तो घेतलात, असं सगळ्यांच्या देखत झालं.

दाजी, मला एवढंच सांगा. तुम्ही धोंडीला मागितलंत का? सख्ख्या भावाला? त्या गाळात? हे विचारताना माझं डोकं तापतं, आणि मग लक्षात येतं की कावळ्याच्या पोटात भूक होती एवढंच जर खरं असेल, तर मी भांडतोय कोणाशी.

घाटावरून परतताना मी धोंडीला गाठलं. म्हटलं, "थांब थोडा. हवा खेळू दे."

"पाव्हणं, आबानं हाक मारलीय. मी नाय गेलो तर कोण जाणार?"

"गेल्यावर काय करशील?"

"बोलीन तिच्याशी. आबा बोलायचा तसं. दोर माझ्याच हातात व्हता, पाव्हणं. ती माझ्यावर रागावली असंल. तिचं काय म्हणणं हाय ते तर ऐकाय पायजे."

तो दुपारी त्या उसाशापाशी जाऊन बसायचा. झाकणाच्या दगडाला कान लावून. त्याची बायको दारातून वाट पाहत राहायची आणि गोदाला विचारायची, "जाऊबाई, ती काय बोलते हो ह्यांच्याशी?"

पंतांनी दिवस ठरवला. बोकड आणायचा, उसाशाच्या तोंडाशी कापायचा, तिचं समाधान झालं की लगेच धोंडीला सोडायचं. मी पोचलो तेव्हा बोकड बांधलेला होता आणि धोंडी कमरेला दोर गुंडाळत होता. पंत छत्रीखाली. भोवती निम्मी पेठ.

"बोकड कापा, रस्सा करा, माझं काही म्हणणं नाही," मी म्हटलं. "पण आधी मागचा-पुढचा उसासा उघडा. उघडे राहू द्या. दिवा तळाशी टिकला की मग माणूस सोडा."

"किती दिवस उघडे ठेवायचे?" पंतांनी विचारलं.

"दिवा टिकेपर्यंत."

"आणि वाड्यात काय सांगू? चुनेवाला शेट दिवा लावून बसलाय? झाकणं काढली की गुरं पडतील, पोरं घाण टाकतील. श्रीमंतांचं पिण्याचं पाणी आहे, शेटजी. आपल्या भट्टीचा खड्डा नव्हे."

मी भट्टीचं सांगितलं. उबेला झोपून न उठलेल्या वाटसरूचं सांगितलं. आवाज चढला, हात पसरले, एकदोन शिव्याही गेल्या. एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "दिवा काय करायचाय तिला? रगत पायजे तिला." सगळ्यांच्या माना हलल्या. धोंडीनं दोराची गाठ ओढून पाहिली.

तेव्हा मी गप्प झालो. माल अडला की मी हेच करतो. समोरच्याचं माप कोणतं ते बघायचं आणि त्याच मापानं मोजून द्यायचं.

"पंत," मी म्हटलं, "सांगणार नव्हतो. पण थोरली माझ्याशी बोलली."

बोकड ओरडायचा थांबला, असं मला वाटलं. लोक तर थांबलेच.

"काय म्हणाली?" म्हातारीनं विचारलं.

"म्हणाली, माझ्या तोंडावर धोंडे ठेवता आणि वर पान वाढता? गळा दाबलेल्या बाईला कोणी जेवायला बसवतं का? आधी माझी तोंडं मोकळी करा. मला श्वास घेऊ द्या. मग काय ते बघू."

म्हातारीनं छातीवर हात ठेवला. "खरंच गं बाई. गुदमरली असंल."

भट्टीवर घालवलेला माझा सगळा जन्म जिथं कवडीमोल ठरला होता, तिथं हे एक वाक्य चाललं. मला आनंद झाला नाही. मला तुम्ही आठवलात, भिंतीला कान लावून डोळे मिटलेले.

धोंडी मात्र माझ्याकडं पाहत होता. "तुमच्याशीच का बोलली?" त्याच्या आवाजात धार होती. "मी रोज येतो. माझ्याशी नाय बोलली."

"ज्याच्यावर रुसवा असतो त्यालाच बोलून दाखवतात," मी म्हटलं. "तुझ्या आबानंच नव्हतं का सांगितलं, माझ्या चुन्यावर ती रुसलीय म्हणून? पंतांच्या समोर?"

तुम्ही मला ज्या शब्दानं बुडवलंत, तो शब्द मी तिथं खणखणीत वाजवून दिला आणि त्याच्या बदल्यात धोंडीचे काही दिवस विकत घेतले. मला वाटलं, सौदा झाला.

पंत छत्रीखालून हसले. पुण्याचं हसू, तुम्हाला ठाऊक आहे.

"ठीक आहे, शेटजी. झाकणं काढू. वाड्यात मी सांगेन काय सांगायचं ते. पण तिचा राग आपल्यावर आहे, आपणच म्हणालात. मग तो आधी फिटायला हवा. तेव्हा पहिले आपण उतरावं. धोंडी दोर धरील."

"बरोबर! बरोबर!" सगळी पेठ ओरडली.

माझ्याच मापानं मला मोजणारा माणूस जन्मात पहिल्यांदा भेटला. नाही म्हटलं असतं तर ती बोलली हेही खोटं ठरलं असतं, आणि धोंडी तिथल्या तिथं दोर धरून खाली उतरला असता. मी हो म्हटलं. धोंडीनं गाठ सोडली, पण ती माझी दया येऊन नव्हे. त्याला हेवा वाटत होता.

घरी आलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. गोदा उंबऱ्यात बसली होती. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल, भावाला कुठं पाठवताय म्हणून पेठ डोक्यावर घेईल. तिनं हळूच विचारलं, "दादा, तिनं ह्यांच्याबद्दल काही सांगितलं?"

मी काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर ते तासाभरात धोंडीच्या कानावर गेलं असतं. "सुखात आहेत म्हणाली."

ती म्हणाली, "उतरलास की तिला म्हणावं, आता तरी त्यांना झोपू दे. सारखं बोलत बसू नकोस त्यांच्याशी."

झाकणं निघून काही दिवस झाले. पहिल्यांदा सोडलेला दिवा पुरुषभर खाली गेला आणि कोणी चिमटीत धरल्यासारखा विझला. मग रोज थोडा थोडा खाली टिकत गेला. आज तळाशी जळत राहिला, आणि ज्योत एका अंगाला कलली. वारा खेळू लागला. उसाशातून पूर्वीचा हुंकार आला तेव्हा जमलेल्या लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. पण "घेतला श्वास" हे शब्द मी मोठ्यानं म्हणालो, आणि ते ऐकून म्हातारी माझ्या पाया पडली.

उद्या उतरायचं आहे. उसाशाच्या तळाशी दिवा टिकला, हे ठीक. पण तुम्ही जिथं सापडलात ती जागा वळणापलीकडं आहे, गाळ तिथं आहे, आणि तिथवर वरून दिवा सोडता येत नाही. तो हातात धरूनच न्यावा लागेल. दोर मी स्वतः पारखून घेतला आहे. मी धोंडीला संध्याकाळी बसवून सांगितलं, "दोर हलला की ओढायचं. आणि नाही हलला तरी मधून मधून ओढून बघायचं. मी बोलत असलो तरी ओढायचं. बोलण्याकडं लक्ष द्यायचं नाही."

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण पाव्हणं, तुम्ही तिच्याशी बोलत असताना मधीच ओढलं, तर तिचा अपमान नाय का व्हनार?"

मी त्याला हलवलं, खडसावलं, तुमची शपथ घातली. तो हो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मला ते हो दिसलं नाही.

दाजी, मला तिची भीती वाटत नाही. तिच्यात आहे काय, दगड आणि माझा चुना. भीती वाटते ती मला माझीच. खाली ज्योत बारीक व्हायला लागली की दोर हलवायचा, एवढंच काम आहे, शहाण्या माणसाला ते जमायला हवं. पण मी स्वतःला ओळखतो. समोरचा गप्प बसला की मी उठून जात नाही. मी बोलायला लागतो.